किलोमीटरला एक रुपया

मी ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरच्या पैशाच्या व्यवहारात मला कोणी विचारत नाही. तरी यंदा दिंडोरीच्या शेतात धाकट्याने टोमॅटो केला, तेव्हा ‘भाड्यात किती घालवणार? आपली पिकअपच घेऊ, जुनी का होईना’ असा ठराव मी मांडला आणि कोणी तोंड उघडायच्या आत मंजूरही करून टाकला.

गाड्या बघायला लागलो आणि एक चमत्कार दिसला. दहा-दहा वर्षं पिंपळगाव बसवंतच्या मार्केटला कॅरेट वाहिलेल्या गाड्या, पण एकीचंही मीटर लाखाच्या पुढे नाही. क्लचच्या पॅडलचं रबर झिजून खालचं लोखंड चकाकतंय आणि मीटर म्हणतंय 86 हजार. ‘मागे घेतलंय,’ भाऊ पुटपुटायचा. मी म्हणायचो, ‘अरे, कदाचित जपून वापरली असेल.’

शेवटी 2013 च्या मॉडेलचा एक मालक भेटला. स्वतःच चालवणारा. मीटरवर तीन लाख अठ्ठेचाळीस हजार. ‘जे आहे ते आहे, सर. मीटरला हात लावलेला नाही.’ मी विरघळलो. नाशिक-वाशी जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर धरले, तर ही गाडी हजार वेळा कसारा घाट उतरून परत चढली होती. किंमत सांगितली तीन लाख तीस. मी तिथेच भागाकार केला: किलोमीटरला एक रुपयासुद्धा पडत नव्हता! ते किलोमीटर मालकाने आधीच वापरून टाकलेत, आपल्या वाट्याला त्यातला एकही येणार नाही, हे भावाने माझ्या कानात दोनदा सांगितलं.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढलं, तशी भोकातून भकाभक वाफ यायला लागली. त्यावर तळहात धरून तो म्हणाला, ‘बॅक कॉम्प्रेशन मारतंय.’ मीही तळहात धरला. हात गरम झाला, एवढंच कळलं. पण मान मात्र मी त्याच्यापेक्षा गंभीरपणे हलवली. सायलेन्सरमधून निळसर धूर येत होता. काळा आला तर डिझेल जास्त जातंय, निळा आला तर ऑइल जळतंय, हे मी आदल्या रात्री वाचून ठेवलं होतं. निळा पाहून मला आनंद झाला, कारण उत्तर येत होतं.

मग मिस्त्री गाडीखाली शिरला. आतून आवाज आला, ‘चेसिसला वेल्डिंग आहे. आणि मागे पाटा एक जास्तीचा घातलाय.’

‘जास्तीचा? वेगळे पैसे नाही ना लावणार?’ मी विचारलं.

खाली बराच वेळ कोणी बोललं नाही. मग भावाने समजावलं, की दीड टनाच्या गाडीत अडीच टन भरायचे म्हणून लोक पाटा वाढवतात, आणि तो भार चेसिस सोसते.

कागदपत्रांत मात्र मी कोणाला ऐकलो नाही. आरसीवर फायनान्सचा बोजा तसाच होता. फॉर्म 35 आणि कंपनीची एनओसी, मग 29 आणि 30. शिवाय गाडी आठ वर्षांपुढची, म्हणजे पासिंग दरवर्षी. भावाने लायसनची शंका काढली, तर 7,500 किलोंपर्यंतची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसनवर चालवता येते, हा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा 2024 चा निकाल मी तोंडपाठ सांगितला. मालक भारावून म्हणाला, ‘मग चालवूनच बघा, सर.’

घटनापीठाने क्लचबद्दल काही म्हटलेलं नाही. चढावर गाडी बंद पडली, मागे घरंगळली, पुन्हा बंद पडली. मी अर्धा क्लच दाबून तिला तशीच धरून ठेवली, इंजिन कण्हत राहिलं आणि केबिनमध्ये जळका वास सुटला. मालकाने हळूच हँडब्रेक ओढला आणि मला पलीकडे सरकायला सांगितलं.

परत येताना त्याने विचारलं, ‘सर, माल वर्षात किती महिने असतो?’

‘चार. फार तर साडेचार.’

‘आणि बाकीचे?’

‘उभी राहील.’

‘उभी गाडीपण खाते हो. इन्शुरन्स, पासिंग, बॅटरी. टायर उभ्या उभ्या तडकतात. त्यापेक्षा चालू भाड्यात तुमचा माल मीच पोचवतो. डिझेल माझं, पंक्चर माझं.’

स्थिर खर्च आणि बदलता खर्च. बारावीच्या पोरांना हे समजवायला मला दोन तास लागतात, तेही फळ्यावर आलेख काढून. त्याने एका वळणात उरकलं.

‘मग विकत का होता?’ मी विचारलं.

‘तुम्ही घेत होता म्हणून.’

भावाने आणि त्याने माझ्यासमोर, मला न विचारता, हंगामाचा दर ठरवला. विसार म्हणून खिशात घालून आणलेले अकरा हजार मात्र माझ्या हातून गेलेच. मालकाने ते आगाऊ भाडं म्हणून मोजून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्यातूनच नवी क्लच प्लेट टाकली. जुनी माझ्या पायाखाली जळाली होती, असं तो अजून मार्केटमध्ये सगळ्यांना सांगतो.