वळणवीरांस इंझोरीहून पत्र

प्रति,
रविवारी पहाटे निघून दुपारपर्यंत पन्नास फोटो टाकणारे समस्त रायडर बंधू,



मी मानोरा तालुक्यातल्या इंझोरीचा. माझ्याकडे स्प्लेंडर आहे. मागच्या सीटवर बहुधा फवारणीचा पंप बांधलेला असतो आणि टाकीवर खताचं पोतं. म्हणजे तुमच्या भाषेत आम्हीही सामान लादून टूरिंगच करतो, फक्त फोटो काढायला हात मोकळा नसतो.

माझा भाचा तुमचा एकलव्य. त्यानं मला तुमचे फोटो दाखवले. गाडी जवळपास आडवी, गुडघा डांबराला टेकलेला, तोंड काळ्या काचेआड. खाली उपदेश: ब्रेक वळणाआधीच मारा, गिअर आधीच उतरवा, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवा, बाहेर पडताना रेस हळूहळू वाढवा. खोटं कशाला बोलू, उपदेश सोळा आणे खरा. उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल हलकेच पुढं ढकलायचं, हे ऐकून मला आधी थट्टाच वाटली. मग रिकाम्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात करून पाहिलं. गाडी मुकाट्यानं उजवीकडे कलली. गेली तीस वर्षं मी हेच करत होतो, मला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

नजरेचंही तसंच. खड्ड्याकडे बघत राहिलं की चाक खड्ड्यातच जातं, हे आमच्याकडं बैलगाडी हाकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

तर भांडण शास्त्राशी नाही. मी बारावीचं भौतिकशास्त्र काढून हिशेबही केला. ५० मीटर त्रिज्येचं वळण ६० च्या वेगानं घेतलं तर गाडी साधारण ३० अंश झुकवावी लागते. तेच वळण ८० नं घेतलं तर ४५ अंश. वेग वाढला वीसनं, पण टायरनं रस्त्याला धरायचं बळ पावणेदोनपटीच्या वर गेलं. मोटोजीपीवाले ६० अंशांपलीकडे झुकतात म्हणे. झुकोत. त्यांच्या ट्रॅकवर कुणी सोयाबीन वाळत घालत नाही.

आमच्याकडं घालतात. दसऱ्याच्या सुमारास या, अर्धा रस्ता पिवळा दिसेल. सोयाबीनचा दाणा म्हणजे गोल, गुळगुळीत, टणक छर्रा. त्यावर तुमची ४५ अंशांची गाडी काय करील, ते भाच्यानं दाखवलं. वेग पंचवीसचाच होता, म्हणून कोपर सोलण्यावर भागलं. उठल्यावर पोरगं म्हणतं, "मामा, लाइन तर बरोबर पकडली होती." लाइन बरोबरच होती बाप्पा, पण तिच्यावर दोन क्विंटल माल पसरला होता.

(हो, माल आम्हीच पसरतो. खळं करायला जागा नाही नि डांबर फुकट तापतं. चूक आमचीच. ती कबूल करून पुढं जातो.)

सोयाबीन संपलं की कपाशीचे ट्रॅक्टर, मागचा दिवा नसलेले. आणि बारमाही रोही. मराठी पुस्तकं तिला नीलगाय म्हणतात. पूर्ण वाढलेल्या नराचं वजन दोनशे किलोंच्या घरात जातं, नि ती तुरीच्या वावरातून रस्त्यावर येताना हॉर्न देत नाही. जवळच कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, काळवीट बघायला जरूर जा. पण काळवीटही नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवत नाही. म्हणून आमचा अडाणी नियम: जेवढं पुढं दिसतं तेवढ्यात थांबता येईल, त्यापेक्षा जोरात वळायचं नाही. याचा फोटो चांगला येत नाही.

सरळ पळायचं म्हणाल, तर ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग कारंज्याजवळूनच जातो. तिथं दुचाकीला बंदी. राहिला आमचा अरुंद रस्ता, नि तुमची शर्यत तिथंच लागते. शर्यतीचे नियम तर आता बैलांनाही आहेत. बैलांच्या शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात अटी घालून परवानगी दिली. आता शंकरपटाला, म्हणजे या बैलांच्या शर्यतीला, रीतसर अर्ज करावा लागतो, पशुवैद्य हजर ठेवावा लागतो. तुमच्या शर्यतीत एवढी काळजी कुणी कुणाची घेतं? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ मध्ये रस्त्यावरची शर्यत गुन्हा आहे, पण ते कलम कुणी फोटोखाली लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र तुमची मनापासून आवडली, ती डोक्यावरची. आमच्या गावात हेल्मेट कोपरावर अडकवतात, चौकी दिसली की डोक्यावर चढतं. भाच्यानं तुमचं बघून स्वतःचं विकत घेतलं. गुडघ्याचं सोडून तेवढंच शिकवत राहा, मी स्वतः त्याला तुमच्याकडं पाठवीन.

आणि इंझोरीकडं यायचंच असेल तर दिवाळीनंतर या. तोवर रस्त्यावरचं सोयाबीन उचललेलं असतं. रोह्यांचं काही सांगता येत नाही.

आपला,
पंचवीसच्या वेगानं वळणारा एक स्प्लेंडरवाला