झार, शेवंड आणि विल्मा

दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी माझ्याकडे अधिकृत कारण तयार होतं. विंडोज 10 चा पाठिंबा 14 ऑक्टोबर 2025 ला संपणार होता आणि 11 ला टीपीएम 2.0 लागतं, ते आमच्या मशीनमध्ये नाही. हे मी घरात इतक्या गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की माझा कसला तरी रिपोर्ट आलाय असं बायकोला वाटलं. प्रकरण कॉम्प्युटरचं आहे हे कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "एक धड चालना नाय, तर दुसरी कित्याक?"

खरं कारण चतुर्थीचं. चाकरमानी गावात येतात तेव्हा प्रत्येकाकडे दाखवायला काहीतरी असतं. कुणाची नवी गाडी, कुणाचं उतरवलेलं वजन. तोंडवलीत बारमाही राहणाऱ्यानं काय दाखवायचं? एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी; पण त्यांचे फोटो तर तेच लोक आमच्याआधी टाकून मोकळे होतात. मला ती काळी खिडकी हवी होती, टर्मिनल. एक आज्ञा टंकायची, एन्टर दाबायचं, अक्षरं सरसर वर पळायला लागली की चष्म्यावरून बघत नुसतं "हं" म्हणायचं. आज्ञा साध्या अपडेटची असते, पण पाहुण्याला ते कोण सांगणार?

लिनक्स 1991 साली लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं सुरू केलं, ते फुकट आहे, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढे मात्र त्यात पंथच पंथ. मेमरी आणि प्रोसेसर बघून निवडा, असं जाणकार सांगतात. मी नावं बघत बसलो आणि तिथेच रमलो.

उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीला एक प्राणी दिलेला असतो. 2004 सालच्या पहिलीला 'वॉर्टी वॉर्टहॉग', म्हणजे चामखीळवालं आफ्रिकन रानडुक्कर. आमच्याकडे डुकरं बोलावल्याशिवायच येतात, तेव्हा ती बाद. 22.04 चं नाव 'जॅमी जेलीफिश'. जेलीफिश म्हणजे आमचे झार! रापण ओढावी आणि जाळं झारांनी भरलेलं निघावं, त्या वेळी किनाऱ्यावर जी भाषा चालते ती इथे छापता येणार नाही. आणि हे लोक तेच नाव कौतुकानं ठेवतात. मग 23.04, 'लुनार लॉबस्टर'. शेवंड! मी जवळजवळ ठरवलंच होतं. पण चौकशी केली तर शेवंडीला पाठिंबा नऊ महिने आणि झाराला पाच वर्षं. म्हणजे समुद्रातला न्याय तिकडेही चुकला नाही. 24.04 ला 'नोबल नम्बॅट'. हा ऑस्ट्रेलियातला प्राणी जवळपास निव्वळ वाळवीवर जगतो. ज्यानं कोकणातल्या घराचा वासा बोटानं दाबून पाहिलाय, त्याला या प्राण्याची किंमत कळेल. डेबियनची नावं 'टॉय स्टोरी'तल्या पात्रांवरून असतात. तिथे 2023 साली 'बुकवर्म' आला. वाळवीवर उतारा सापडतो न सापडतो तोच पुस्तकांना कसर! सी-डॅकची देशी 'बॉस'ही होती. पण आमच्या घरात ते पद रिकामं नाही.

शेवटी लिनक्स मिंट 22, 'विल्मा'. ती उबुंटू 24.04 वर उभी, म्हणजे वाळवीची सोय आतून आपोआप झाली. तिच्यामागून 'झिया'ही आली होती. पण इथल्या नेटवर्कवर जवळपास तीन जीबी पुन्हा उतरवायचे म्हणजे आधी इन्व्हर्टरची मर्जी सांभाळा, मग टॉवरची. पडद्यावरचं नाव वाचून बायकोनं विचारलं, "ही खयची?"

हार्ड डिस्कची वाटणी मात्र अशी झाली की डोळे भरून यावेत. एक रेघ माऊसनं सरकवली, संपलं. ना सातबारा, ना मुंबईतल्या चुलत्याची सही.

भांडण झालं ते घड्याळावरून. मशीनमधल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं आणि लिनक्स तिथे जागतिक वेळ ठेवतं. त्यामुळे विल्माकडून परत विंडोजमध्ये गेलं की साडेपाच तास मागे. शेजारचे आबा सकाळी दहाला आले, तेव्हा पडद्यावर साडेचार. "तुझ्या कॉम्प्युटरात अजून उजाडूक नाय काय रे?" आबांना घड्याळ लागतच नाही. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ, पंचमीला पावणेचार. मी त्यांना ग्रिनिच समजावून सांगितलं. ते चहा पिऊन गेले. नंतर एका ओळीच्या आज्ञेनं घड्याळ जुळलं, पण ती बघायला कुणी नव्हतं.

मग बाबांची फाइल उघडली. 2003 साली त्यांनी एका बोटानं टंकलेली: वारे, मासळीचे महिने, रापणीच्या जागा. विल्मात तिच्या जागी नुसता रोमन अक्षरांचा आणि टिंबांचा चिखल. पुण्याच्या पुतण्यानं जुना फॉन्ट आणून बसवला, मराठी दिसायला लागली. पण 'बांगडा' शोधला तर सापडेना. डोळ्याला बांगडा दिसतो, मशीनच्या लेखी तिथे रोमन अक्षरंच. देवनागरी युनिकोडमध्ये आली तीही 1991 सालीच. बाबांच्या मशीनमधल्या विंडोज एक्सपीला ती येत होती. क्लासवाल्यानं मात्र त्यांना छापखान्यात चालणारा फॉन्टच शिकवला, कारण पानं लावायच्या सॉफ्टवेअरला दुसरं काही कळत नव्हतं. या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. माणसानं सत्तरीत हौसेनं कीबोर्ड शिकावा, बायकोच्या शिव्या खाऊन रात्री लिहावं, आणि ते मराठी आहे हेच मशीनला कळू नये! असा किती मजकूर घराघरांतल्या सीडींवर पडून असेल.

अक्षरं बदलून देणारी सोय असते. ती वापरली तर जोडाक्षरं मोडली आणि 'वारा' टिकला तरी 'वाऱ्या'चा चक्काचूर झाला. म्हणून आता रोज रात्री विल्मात इनस्क्रिप्टवर बसून पुन्हा टंकतो. काळी खिडकी बंदच असते. चतुर्थीला पुतण्या मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, लिनक्सवर नेमकं करता काय?" पडद्यावर सरंगा होता. मी "हं" म्हटलं.

काल भरतीच्या पानावर आलो. बाबांनी लिहिलंय, पाऊणपटीचा हिशेब रोज थोडा थोडा मागे पडतो, शेजाऱ्याला हे कितीदा सांगितलं, पण तो ऐकत नाही. आबांना अजून दाखवलेलं नाही. 'शेजाऱ्याला' शोधलं की ती ओळ आता लगेच सापडते.