दूरचं की जवळचं?

शहरात डोळे अक्षरांच्या तक्त्यावर तपासतात; आमच्या किन्हवलीत एसटीच्या पाटीवर. येणारी गाडी शहापूरची की मुरबाडची, हे ती पुढ्यात उभी राहण्याआधी सांगता आलं, की मोतीबिंदूचं ऑपरेशन यशस्वी.

पूर्वी मोतीबिंदू काढला की नाकावर सोडावॉटर चष्मा चढायचा. त्यातून जग अवाढव्य दिसे आणि उंबरठा भलत्याच जागी. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून घडी घातलेलं भिंग आत जातं आणि तिथेच उलगडतं. मात्र साध्या भिंगाला एकच अंतर नीट जमतं. म्हणून डॉक्टरांनी आमच्या आत्याला विचारलं, "आजी, दूरचं हवं की जवळचं?"

आत्या म्हणाली, "माहुलीचा किल्ला दिसला पायजे, नि तांदळातला खडाही."

तिचं काय चुकलं? माणूस जन्मभर दोन्ही मागतो. मुलगा पुण्यात नोकरीला हवा, आणि भाताच्या आवणीला शेतावरही. तरुण डोळा हे दोन्ही बिनबोभाट सांभाळतो. चाळिशीत कुरकुरू लागतो. दोन्ही दाखवणारी महाग भिंगंही आहेत, पण रात्री समोरच्या ट्रकच्या दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. आत्याने किल्ला निवडला. खड्यासाठी चष्मा लागला, तेव्हा म्हणाली, "मग कापलं कशाला?"

तरी तिचं नशीब थोर. हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांना लढाऊ विमानांच्या प्लास्टिकच्या काचेचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत निमूट राहिलेले दिसले होते. त्याच जातीच्या प्लास्टिकचं पहिलं भिंग त्यांनी 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात बसवलं. भिंग बसलं, पण ताकदीचा हिशेब चुकला. ज्या बाईंना ते बसवलं, त्यांना दूरचं पाहायला भलामोठा उणे नंबर लागला. आता यंत्र आधी डोळ्याची लांबी मोजतं. तरी थोडाफार नंबर उरू शकतो.

नव्या नजरेचा ताप मात्र सुनेला. पिकलेलं पिवळट भिंग गेल्यावर पांढरं निळसर भासू लागतं. आत्याने दोरीवरचं धोतर पाहून विचारलं, "एवढी नीळ कोणी ओतली?"

पुढे कधी दिसणं पुन्हा धूसर झालं, की गाव म्हणतं, मोतीबिंदू परत आला. तो येत नाही. बहुधा भिंगामागची पातळ पिशवी गढूळ होते, आणि लेझरने काही मिनिटांत वाट मोकळी होते. पण ऑपरेशननंतर डोळा लाल होऊन ठणकू लागला, नजर अचानक मंदावली, तर 'आवणी उरकू दे' म्हणायचं नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आत शिरलेला जंतू आवणीसाठी थांबत नाही.

आत्याचा दुसरा डोळा अजून बाकी आहे. एक डोळा दूरचा, एक जवळचा, अशीही सोय काहींना चालते, असं डॉक्टर म्हणाले. दोघांचं पटेल का, अशी मला शंका.

"दोन सुना नांदवल्या एका चुलीवर," आत्या म्हणाली, "डोळे काय, माझेच हायेत."