पाणीदार काका

सकाळी साडेसातला बेल वाजली की दारात दूधवाला तरी असतो, नाहीतर शेजारचे काका. दूधवाला काही न विचारता जातो. काका विचारतात, "कापायला काही आहे का?"

हातात मऊ फडक्यात गुंडाळलेला चाकू. तो विकत घेतलेला नाही, करवून घेतलेला आहे, आणि या फरकावर काका पाऊण तास बोलतात. रविवारी जुन्या बाजारात जाऊन ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा आणला. (त्यात ०.६ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. तुम्हाला हे आज कळलं, मला रोज कळतं.) मग लोहार गाठला. तापलेल्या पोलादाला लोहचुंबक चिकटेनासं झालं की पाणी द्यायची वेळ जवळ आली, हे वाचून काका चुंबक खिशात घालूनच गेले होते. लोहार म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या, अन् ते दार लोटा काका. उन्हात रंग दिसंना." रंग बघून त्यानं पातं तेलात बुडवलं. तेव्हापासून काका त्याला गुरुजी म्हणतात. सदाशिव पेठेतल्या माणसानं दुसऱ्या कुणाला गुरुजी म्हणणं म्हणजे काय, हे पुणेकरांना सांगायला नको.

पाणी दिलेलं पातं ठिसूळ असतं, म्हणून ते दोनशे अंशांच्या आसपास पुन्हा तापवावं लागतं. ते काम काकांनी हौसेनं स्वतःकडे घेतलं आणि काकूंच्या ओव्हनमध्ये केलं. त्या दिवाळीत नानकटाईला गॅरेजचा वास होता.

चाकू मात्र देखणा, हे कबूल. शिसवी मूठ, पितळी रिव्हेट. टोमॅटोवर नुसता टेकवावा, दाबायचं कामच नाही. कापून झालं की लगेच धुणं, पुसणं, खोबरेल. सायकलवरचा धारवाला गल्लीत शिरला की काका गॅलरीतूनच ओरडतात, "चाकावर पातं तापतं, पाणी उतरतं!" तो बिचारा दुसऱ्याच कुणाच्या तरी कात्रीला धार लावत असतो.

घरात अडचण एकच. काकू विळी सोडत नाहीत. एकदा खमंग काकडी करायची म्हणून काकांनी चाकू चालवला आणि काकडी इतकी बारीक झाली की तिच्यापुढे दाण्याचं कूट भरड वाटलं. काकूंनी वाटी बाजूला सारली.

"केळकर संग्रहालयात अडकित्ते मांडलेत ना, त्यांच्या शेजारी ठेवून या हा."

काका खरंच विचारात पडले. म्हणाले, "काचेच्या कपाटात त्याला तेल कोण लावणार?"