सतरा वर्षांची गाडी आउटरला

सतरा वर्षं जमिनीखाली काढायची, वर्ष अचूक मोजायचं, महिनाही बरोबर गाठायचा, आणि ऐन वेळी गारठा पडला म्हणून दाराशी अडकून बसायचं, असले हाल अमेरिकेच्या पूर्व भागातल्या सिकाडा नावाच्या किड्यांच्याच वाट्याला येतात. २०२१ च्या मे महिन्यात मेरीलँडमध्ये आम्ही ते जवळून पाहिले. जवळून म्हणजे आमच्याच मागच्या अंगणात, आणि माझ्या सासऱ्यांच्या देखरेखीखाली.

अण्णा मराठवाड्यातल्या एका लहानशा स्टेशनातून स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले. २०२० च्या फेब्रुवारीत लेकीकडे चार दिवस राहायला आले आणि करोनामुळे अडकले. तेव्हापासून वेळापत्रकाप्रमाणे चालणारी एकही गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली नव्हती. विमानं रद्द, शाळा बंद, नात पायजम्यावर बसून भूगोल शिकतेय. अशा माणसाला मी सांगितलं, की १९७०, १९८७, २००४ आणि आता २०२१, दर सतरा वर्षांनी अब्जावधी किडे एकदम जमिनीतून वर येतात. अण्णांचा कंठ दाटून आला. या फौजेला इथे ‘ब्रूड टेन’ म्हणतात. अण्णांनी ते नाव वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, “जावईबापू, अप की डाउन?”

“अप, अण्णा. खालून वर.”

वर्षं मोजण्याचं काम हे किडे झाडावर सोपवतात. पिल्लं मुळांतला रस पितात. दर वसंतात झाड जागं झालं, रस बदलला, की एक वर्ष धरायचं. कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी त्यांना वर्षातून दोनदा बहरणाऱ्या पीचच्या झाडांवर ठेवलं, तर बिचारी एक वर्ष आधीच वर आली. “स्टाफला फसवलं,” अण्णा म्हणाले. शिवाय काही जण आपणहूनच चुकतात. २०१७ साली या फौजेतले बरेच जण चार वर्षं आधी उगवले होते. त्यावर अण्णांचं मत असं, की बिफोर टाइम गाडी लेट गाडीपेक्षा वाईट, कारण फलाटावर प्रवासीच नसतात. लग्न जमवायला वर येणाऱ्या किड्यांच्या बाबतीत हे शब्दशः खरं आहे.

पण वर्ष झाडाने ठरवलं, तरी दिवस ठरवते माती. वीसेक सेंटिमीटर खोलीवर मातीचं तापमान साधारण १८ अंश सेल्सिअसला पोचलं, की हिरवा सिग्नल. हे कळल्यावर बायकोने पाकासाठी आणलेला थर्मामीटर स्वयंपाकघरातून नाहीसा झाला आणि ओकच्या झाडाखाली मातीत उभा राहिलेला दिसला. त्या वर्षी आमच्याकडे गुलाबजाम अंदाजाने झाले.

मे महिना मात्र त्या वर्षी काही केल्या तापेना. मातीत करंगळीएवढी भोकं पडली होती, काही भोकांवर चिखलाचे छोटे बुरूज उभे होते, म्हणजे मंडळी दाराशी येऊन बसली होती. अण्णा रोज सकाळी मफलर गुंडाळून थर्मामीटर बघायचे आणि निकाल द्यायचे, “आउटरला उभी आहे.” त्यात शेजाऱ्याचं अंगण दक्षिणेकडे, दिवसभर उन्हात, आमच्यावर ओकची दाट सावली. त्याच्या कुंपणावर पांढरे, लाल डोळ्यांचे किडे कात टाकू लागले तरी आमच्याकडे हालचाल नाही. शास्त्राला धरूनच होतं ते. पण अण्णांनी ते मनाला लावून घेतलं. शेजारी सकाळी हात हलवायचा, तर त्यालाही अण्णा तुटक उत्तर देऊ लागले.

शेवटी आमच्याकडेही एका संध्याकाळी गाडी लागली. आणि लगेच मेच्या अखेरीची ती मेमोरियल डेची सुट्टी आली, थंडगार आणि पावसाळी. लोकांनी बार्बेक्यू गुंडाळले, हीटर परत लावले. सिकाडांना कुठला हीटर! अंग तापल्याशिवाय त्यांचे स्नायू चालत नाहीत. उडता येत नाही, कात टाकल्यावर वरचं नवं कवच वाळायला वेळ लागतो, आणि मुख्य म्हणजे गाता येत नाही. गातात फक्त नर. त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंना पातळ पडदे असतात, ते आत-बाहेर करून हा आवाज निघतो. उन्हात तो ९० डेसिबलच्या वर जातो. गारठ्यात मंडळी झुडपांवर नुसती बसून राहिली, सतरा वर्षं तयारी करून आलेली आणि एक सूर नाही.

नेमकी त्या सुट्टीतल्याच रविवारी अण्णांनी पुण्याच्या मित्रमंडळींना झूमवर मैफल ठेवली होती. फोन झाडाला लावला.

“अण्णा, आवाज येत नाहीये. तुम्ही म्यूटवर आहात.”

“मी नाही, किडे म्यूटवर आहेत!”

पक्षी आणि खारी यांची मात्र चंगळ झाली. सिकाडांचा बचाव एवढाच, की इतक्या संख्येने यायचं की खाणाऱ्याचं पोट आधी भरावं. एका एकरात पंधरा लाखांपर्यंत असू शकतात. गारठ्याने ती गर्दी हप्त्याहप्त्याने येते आणि आधी आलेले, उडताही न येणारे, न्याहारीला उपयोगी पडतात. याच मेरीलँडात १७४९ साली बेंजामिन बॅनेकर नावाच्या सतरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाने हे किडे पिकं खातील म्हणून ते मारायला सुरुवात केली होती. उपयोग नाही म्हणून सोडून दिलं, आणि पुढच्या खेपा नोंदवून ठेवल्या. पुढे तो पंचांगं काढू लागला. अण्णांनी त्याच्याबद्दल ऐकून खुर्चीतल्या खुर्चीत मान लववली.

जूनमध्ये ऊन पडलं आणि जो आवाज सुरू झाला त्याचं वर्णन अण्णांनी पहिल्या दिवशी ‘सनई’ असं केलं, तिसऱ्या दिवशी ‘कटकट’ असं केलं. ९ जूनला राष्ट्राध्यक्ष बायडन युरोपला निघाले. त्यांच्या मानेवर एक सिकाडा बसला, आणि पत्रकारांचं विमान सिकाडा आत शिरल्यामुळे काही तास खोळंबलं. ही बातमी अण्णांनी मोठ्याने दोनदा वाचून दाखवली.

पुढची गाडी २०३८ ला आहे. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत रजा टाका, पण तिकीट काढण्याआधी मेरीलँडातल्या कुणाला तरी फोन करून मातीचं तापमान तेवढं विचारून घ्या.