शेंगा कोणत्या?

शिरपूर–चोपडा एसटीत गुरुजी चढले की ओळखीची माणसं झोपेचं सोंग घेतात. कारण गुरुजी बसायच्या आधी शब्द मागतात.

जिल्हा परिषदेचे निवृत्त शिक्षक, समाजानं पावरा, खिशाला दोन पेनं. बायबल पावरीत आणणाऱ्या मंडळींना मदत करतात.

"भाऊ, मेंढीच्या पिल्लाले तुमच्याकडे काय म्हणतात?"

"कोकरू."

"हे पुस्तकी झालं. आजी काय म्हणायची?"

माझी आजी अमळनेरची, बोलायची अहिराणी. तिचा पावरीशी काय संबंध? पण गुरुजी तेही तिकिटामागे टिपून घेतात.

सध्या ते लूकच्या पंधराव्या अध्यायात, उधळ्या मुलापाशी अडकलेत. बोराडीत चार माणसं जमवून वाचायला बसले. "समजलं का?" असं ते विचारत नाहीत, त्याला वर्ग काय उत्तर देतो हे त्यांना जन्मभर ठाऊक. ते म्हणतात, "आता तुम्ही सांगा मला." पोरगा दूर देशी गेला. "ऊस तोडायले," एक बाई म्हणाली. पैसा उडवला, दुष्काळ पडला, डुकरं राखायची पाळी आली. डुकरं खातात त्या शेंगा तरी मिळाव्यात असं त्याला वाटलं. इथं एक म्हातारा खो खो हसायला लागला. आपल्याकडे शेंगा म्हणजे भुईमुगाच्या! डुकरांना भुईमूग घालणारा मालक, अन् म्हणे दुष्काळ? "गुरुजी, आमाले बी तिकडे कामाले लावा."

वाचन तिथंच थांबलं. मूळच्या शेंगा कॅरोबच्या. ते झाड सातपुड्यात कुठून येणार? बाभळीच्या म्हणावं, तर त्या शेळ्यांच्या.

मी म्हटलं, "गुरुजी, एका शेंगेपायी किती दिवस?"

"पंडिता रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या, अख्खं बायबल सोप्या मराठीत केलं. गेल्या 1922 साली, पुस्तक निघालं 1924 साली." म्हणजे घाई नाही. उधळ्या मुलाची हीच गोष्ट पावरीसारख्या भिल्ली बोलींमधून ग्रिअर्सन साहेबाच्या भाषिक पाहणीत 1907 सालीच छापलीय, त्यातला शब्द उचला, असंही सुचवून पाहिलं. "साहेबानं बाजारात थोडंच विचारलं असेल?"

परवा बाजारात त्याच म्हाताऱ्यानं त्यांना गाठलं. "गुरुजी, ते पोरगं घरी आलं का?"

"नाही ना. डुकरांपाशीच बसलंय," गुरुजी म्हणाले, आणि पेनाचं टोपण काढलं. "बरं, तुमची आजी डुकरांना काय घालायची?"