‘क’ची निवडणूक

मुंबईत गणपत कृष्णाजींनी 1831 साली शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले, तेव्हा सोवळ्यातल्या मंडळींना छापील कागदाचा विटाळ वाटे. शाईत चरबी! मग शाईत तूप घालून पोथ्या छापल्या गेल्या आणि विटाळ फिटला. अक्षरांचे इतके लाड पुढे कोणी केले नाहीत.

त्या काळच्या छापखानेवाल्यांची एकच धडपड असे : अक्षर रेखीव आणि स्वच्छ उठावे. 1869 मध्ये निघालेल्या जावजी दादाजींच्या निर्णयसागरचा टाइप संस्कृत पंडितांनाही पसंत पडला, तो याच कसोशीमुळे. आताचे फॉन्ट घडवणारे उलटे निघाले आहेत. जुन्या पानावर शाई कुठे पसरली, बोरू कुठे जाड चालला, हे ते भिंग लावून पाहतात आणि कॉम्प्युटरवर निगुतीने तसेच काढतात. जावजींच्या कंपोझिटरला ज्यासाठी बोलणी बसली असती, त्यासाठी यांना बक्षिसे मिळतात.

मला स्वतःला हा उद्योग आवडतो. मुंबईच्या ‘एक टाइप’ने ‘जैनी’ नावाचा फॉन्ट केला आहे. कल्पसूत्र या जैन ग्रंथाच्या 1503 सालच्या हस्तलिखितातल्या अक्षरांवरून. आमच्या परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीच्या जैन गुंफा, त्यामुळे नाव ऐकूनच मला शेजारधर्म आठवला. पण या कामातली खरी पंचाईत वेगळीच आहे. लेखनिकाने पोथीत शेकडो ‘क’ लिहिलेले असतात. सकाळचा टवटवीत, दुपारचा पेंगुळलेला, ओळीच्या शेवटी अंग चोरून बसलेला. फॉन्टात जागा मात्र सहसा एकाच ‘क’ला. तेव्हा कोणाला तिकीट द्यायचे? निवडून आलेला ‘क’ पुढे सगळ्यांच्या वतीने बोलणार आणि पडलेले पोथीतच राहणार. परभणीकराला हा प्रकार समजावून सांगावा लागत नाही.

उर्दूवाल्यांनी यावर धीराचा उपाय केला. नस्तालिक लिपी खिळ्यांत बसेना, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे वर्षानुवर्षे कातिब, म्हणजे सुलेखनकार, हाताने लिहीत. 1981 मध्ये कराचीच्या मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड्या हातानेच लिहून काढल्या आणि मग त्या यंत्रात घातल्या. जोडी तितके उमेदवार! 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आमच्या गावात उर्दू पाट्या अजून आहेत, आणि त्यांच्याशेजारी मराठी पाट्यांची अक्षरे मला जरा घाईत आल्यासारखी दिसतात.

वसमत रोडवरच्या एका फ्लेक्सच्या दुकानात मी हे सारे ज्ञान पाजळले. एका ‘भावी’ साहेबांच्या वाढदिवसाचा बोर्ड चालला होता. अक्षर ‘मोदक’ फॉन्टचे. इतके गुबगुबीत की त्याच्या पोटातली पोकळीही भरून आलेली. पोराने माझ्या आग्रहाखातर तेच नाव ‘जैनी’त लावून दाखवले. मला तर फार देखणे वाटले. साहेबांचा कार्यकर्ता बराच वेळ स्क्रीनकडे पाहत राहिला.

“काका, अक्षर लई भारी हाय,” तो अदबीने म्हणाला. “पण साहेब पाचशे वर्षांचे वाटायलेत. युवा नेते हायेत ते.”